पार्काबाहेरचा मुक्काम

लखनौला बदली झाली तेव्हा गोमती नगरात जागा शोधत मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे आणि मालक मराठी आहेत, एवढंच बँकेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. दार त्यांनीच उघडलं. उंच, किंचित पुढे झुकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. मी मराठीत बोलायला लागले तसा चेहरा उजळला. पाणी आलं, गाव विचारून झालं. ते वर्ध्याचे, मी साताऱ्याची. मग त्यांनी विचारलं, "बँक कुठं आहे तुमची?"

"ही काय, चौकात. चालतच जाता येईल."

त्यांचा चेहरा पडला.

"मग इथं नका राहू."

मला वाटलं, माझं ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी म्हटलं, "का हो?"

"फार जवळ आहे ना. कामाच्या इतक्या जवळ माणसानं राहू नये. तुम्ही इंदिरा नगरात पाहा, नाहीतर अलीगंजला. रोज थोडं जाणं-येणं झालं पाहिजे. मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो."

भाडेकरूला घर फार सोयीचं आहे म्हणून परत पाठवणारा मालक मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "अहो, तिला जागा हवी आहे. सल्ला नको." आणि पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. "तू चल ग वर. मी दाखवते."

अशी मी त्यांच्याकडे राहायला गेले. चार वर्षं राहिले. पहिले काही महिने, मी सकाळी बँकेत जायला निघाले की काका फाटकापाशी उभे असत आणि म्हणत, "मॅडम, सरळ नका जाऊ. त्या बागेला वळसा घालून जा." कधीकधी मी खरंच वळसा घालून जाई. गंमत म्हणजे तो वळसा मला आवडायला लागला होता.

काकांची स्कूटर कधी दारात नसायची. दारात जागा होती, वर पत्रासुद्धा होता. पण ते ती गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली लावायचे आणि तिथून पिशवी हलवत चालत यायचे. "गाडी दारात लावली की माणूस घरी येत नाही, नुसता पोचते," हे त्यांचं म्हणणं. ई-रिक्षातूनही ते घराच्या अलीकडेच उतरत. एकदा मी बरोबर होते. रिक्षावाला म्हणाला, "बाबूजी, मकान तो आगे है." काका म्हणाले, "पता है भैया. यहीं उतार दो." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "उतार दीजिए."

कुणी सहलीला निघालं की लोक विचारतात, कुठे जाणार. काका विचारायचे, उतरणार कुठे. आणि उत्तर ऐकून पुढच्या माणसाची पारख करायचे. जे बघायला जायचं त्याच्या जवळ उतरायचं नाही, हा त्यांचा नियम होता. महाराष्ट्रातून पाहुणे आले की काका त्यांना इमामबाडा दाखवायला नेत, पण गाडी खूप आधी सोडून देत. उन्हात, धुळीत, विचारत विचारत ती मंडळी चालत जात. पाहुणे वैतागत. मग एखाद्या वळणावर तिथला भव्य दरवाजा समोर यायचा आणि काका वळून त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्या क्षणी ते इतके खूश दिसायचे की पाहुण्यांना रागावता येत नसे.

भाचीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली होती. लग्न नोएडाला, कार्यालयातच पाहुण्यांच्या खोल्या. काकांनी खोली नाकारली आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लॉजमध्ये उतरले. लग्नाच्या दिवशी वाहतूक तुंबली. बंद गळ्याचा कोट घालून ते घामाघूम पोचले, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांच्या पायाखाली सांडलेल्या तांदळांकडे पाहिलं, कुणाकडून तरी मूठभर अक्षता मागून घेतल्या आणि पंगतीत जाऊन, घास तोंडाशी नेणाऱ्या नवरा-नवरीवर टाकल्या. काकू ही गोष्ट सांगायच्या तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. काका शांतपणे म्हणायचे, "पण मी आलो ना? बाकीचे तर तिथंच होते."

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं. काका रेल्वेत इंजिनिअर होते. रुळांच्या परीक्षणाचं काम. सगळी नोकरी मानक नगरात गेली आणि राहणंही तिथल्याच कॉलनीत. कचेरी आणि क्वार्टर यांच्यात फक्त एक रस्ता. समोरच्या ओळीत साहेबांचा बंगला, शेजारी हाताखालचा माणूस, मागे अकाउंट्सचे बाबू. भोंगा झाला की कचेरी, भोंगा झाला की घर. "मला ताप आला तर फाइल घरी यायची," ते म्हणाले. "बायकोशी भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या सेक्शनला माहीत. माझ्या पोरीच्या बारशाला तर ऐन वेळी शिपाई आला दारात. एक रिपोर्ट अडला होता. मी गेलो. परत आलो तर पोरीचं नाव ठेवून झालं होतं. मी जवळ होतो म्हणून बोलावलं मॅडम. लांब असतो तर नसतं बोलावलं."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या नियमाला हसणं कमी केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीपासून शक्य तेवढ्या लांब, शहराच्या या टोकाला हे घर घेतलं होतं. घेतल्यापासून मानक नगरच्या बाजूला ते फिरकले नव्हते. आलमबागच्या बस अड्ड्यावर जायची वेळ आली तरी डोळे मिटून गेल्यासारखे जाऊन येत.

काकूंचं वेगळं होतं. दर मंगळवारी जेवण उरकलं की त्या पर्स घेऊन निघायच्या. रिक्षाने मेट्रोपर्यंत, मेट्रोने आलमबाग, तिथून ई-रिक्षाने मानक नगर. गुडघे दुखायचे, मेट्रोच्या जिन्यापाशी दम लागायचा, तरी मंगळवार चुकायचा नाही. "भजन असतं कॉलनीत," त्या सांगायच्या. कॉलनीच्या गोष्टी त्या इतक्या सांगायच्या की मला तिथल्या बायका चेहऱ्यानिशी माहीत झाल्या होत्या. पायरीवर बसून मटार सोलणाऱ्या, एकमेकींच्या कुंड्यांतून कढीपत्ता तोडून नेणाऱ्या, गणपतीत बंगाली शेजारणीला मोदकाच्या पाऱ्या करायला शिकवणाऱ्या. गोमती नगरात आमच्या शेजारच्या घरात कोण राहतं हे आम्हाला कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्या दाराला कॅमेरा होता, एवढंच.

त्यांची मुलगी नोएडाला राहायची. नात रेवा, दहा-अकरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि तिने जाहीर केलं की वार्षिक परीक्षेनंतर तिला महाराष्ट्रातल्या एका मोठ्या पार्कात जायचंय. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, राजवाड्यासारखी दारं, सगळं तिने मोबाइलवर दाखवलं. शाळेतली एक मैत्रीण जाऊन आली होती आणि पार्काच्या आतल्याच हॉटेलात राहिली होती.

काका तात्काळ तयार झाले. नातीचा शब्द ते खाली पडू देत नसत. मग नेहमीचा प्रश्न आला, "उतरायचं कुठं?"

"अंदर वाले होटल में, आजोबा," रेवा म्हणाली. "वहाँ रहो तो सुबह सबसे पहले एंट्री मिलती है. और शाम को लाइट वाला शो कमरे की खिड़की से दिखता है."

मुलगी म्हणाली, "बाबा, तेच बरं पडेल. पाण्यात भिजली की कपडे बदलायला खोली जवळ. आईलाही दुपारी पडता येईल."

काका खुर्चीत पुढे सरकले. हा त्यांचा विषय होता. "जत्रा पाहायला जायचं असते बाळा. जत्रेत बिऱ्हाड नाही करायचं. आपण एखाद्या गावात उतरू. सकाळी निघू. रस्त्यानं लांबून तो मोठा पाळणा दिसला पाहिजे. तू ओरडली पाहिजे, आला, आला! आत झोपलेल्या माणसाला काही येत नाही. त्याचं सगळं आलेलंच असते."

रेवा विचारात पडली. खरं सांगायचं तर मीही पडले. बोलणं त्यांचं पटण्यासारखंच असायचं, हीच अडचण होती.

काकू मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझे गुडघे पाहता दुपारी जरा आडवं व्हायला मिळालं तर..."

"अगं, सावलीत बाकं असतात ना सगळीकडं," काका म्हणाले.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं," काकू म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला काही अर्थ असेल असं माझ्या मनात आलं नाही. काकांच्याही आलं नसावं. त्यांनी पार्कापासून बरंच लांब, आंब्याच्या बागेतलं एक छोटं घर शोधून काढलं.

मार्चअखेर मी रजेवर पुण्याला घरच्या एका कार्यासाठी जाणार होते. काकूंनी हट्ट धरला की एक दिवस आमच्याबरोबर पार्कात काढ आणि मुक्कामालाही ये. मी सकाळी पुण्याहून निघून थेट पार्काच्या फाटकापाशी पोचले. थोड्या वेळाने त्यांची गाडी आली. रेवा उडी मारून उतरली आणि माझा हात धरून सांगायला लागली की पहाड के पीछे से कसा एकदम तो पाळणा दिसला आणि ती केवढ्याने ओरडली. काका तिच्यामागे उभे होते, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. ते माझ्याकडे बघून नुसते हसले. सकाळ त्यांची होती, यात शंका नाही.

दुपारपर्यंत ऊन असं तापलं की फरशीचा चटका चपलेतून लागायला लागला. पार्क अफाट होतं. एका पाळण्यापासून दुसऱ्यापर्यंत चालायचं, मग रांगेत उभं राहायचं, मग पुन्हा चालायचं. बाकं होती, पण सावलीतली सगळी भरलेली. मुलगी आणि रेवा पाण्याकडे गेल्या. काकू दर थोड्या अंतरावर थांबून एखादी मूर्ती बघितल्यासारखं करू लागल्या. त्यांना मूर्ती बघायच्या नव्हत्या, उभं राहायचं होतं. शेवटी त्यांनी माझा दंड धरला. "मला कुठेतरी बसव ग."

समोरच त्या हॉटेलचं पार्काकडचं दार होतं. मी त्यांना आत नेलं. गार हवा, मऊ कोच. काउंटरवरची मुलगी काही विचारेल म्हणून मी तोंड उघडलं, तर तीच पाण्याचा ग्लास घेऊन आली. "बसा ना आजी. निवांत बसा."

काकू बसल्या. चपला काढल्या, पावलं गार फरशीवर टेकवली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या सगळीकडे बघायला लागल्या. ओल्या केसांची पोरं टॉवेल गुंडाळून आत येत होती, मागून त्यांचे आजी-आजोबा, सगळे लिफ्टमधून वर जात होते. दोन बायका, बहुधा आदल्या दिवशीच ओळख झालेल्या, जिन्यापाशी उभ्या राहून एकमेकींना आपापल्या खोलीतून काय दिसतं ते सांगत होत्या. काकू त्यांचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

तेवढ्यात काचेबाहेर काका दिसले. ते आम्हाला शोधत आले होते. दारापर्यंत आले आणि थांबले. मी उठून बाहेर गेले.

"इथं कशाला बसल्या? आपण इथं उतरलो नाही ना," ते म्हणाले.

"काका, काकूंना चालवत नाहीये. तुम्हीही या. कुणी काही म्हणत नाही."

त्यांनी काचेतून आत पाहिलं. काकूंचे अनवाणी पाय त्यांना दिसले असावेत, कारण त्यांची नजर तिथे थोडा वेळ राहिली. "बसू दे तिला. हवं तेवढं बसू दे. मी आहे इथं," ते म्हणाले आणि बाटल्यांची पिशवी पायाशी ठेवून तिथेच उन्हात उभे राहिले. मी दोनदा सांगितलं. आले नाहीत. आत येऊन मी काकूंना सांगितलं, तर त्या काचेकडे बघत म्हणाल्या, "नाही यायचे ते आत. आणि मला टाकून जायचेही नाहीत." त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. काचेच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला ते, असा त्यांचा बराच वेळ गेला.

संध्याकाळी दिव्यांचा कार्यक्रम होता. रेवा दिवसभर त्याचीच वाट बघत होती. पण आंब्याच्या बागेकडचा रस्ता खोदलेला होता आणि ड्रायव्हरने सकाळीच बजावलं होतं की अंधार पडायच्या आत निघावं लागेल. त्याचे फोन सुरू झाले. लोक जागा धरून बसायला लागले होते, हॉटेलच्या गॅलऱ्यांमध्ये खुर्च्या मांडल्या जात होत्या, आणि आम्ही उलट दिशेने फाटकाकडे निघालो होतो.

"आजोबा, बस थोड़ी देर और! प्लीज़!"

"बाळा, रस्ता खराब आहे ना. आपण उद्या..." आणि ते थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळीच परतीचं विमान होतं.

गाडी सुटली आणि मागे दिवे लागले. आधी एक निळा झोत आकाशात गेला, मग सगळा राजवाडा पेटल्यासारखा झाला. रेवा सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेला नाक लावून बसली. रडली नाही. वळण आलं, दिवे दिसेनासे झाले, तरी ती तशीच बसून होती. काका पुढच्या सीटवर. त्यांनी एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागले.

तेव्हा काकू बोलल्या. आवाज रोजचाच होता. "आत राहायला हवं होतं."

"हो, आज जरा गैरसोय झाली," काका म्हणाले. "पुढच्या खेपेला..."

"मी पार्काचं नाही बोलत."

काकांनी मान वळवली.

"आलमबागला एक जागा होती," काकू म्हणाल्या. "तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी. कॉलनीतून रिक्षाने जवळ. दुसरा मजला, पुढे गॅलरी. मी आणि शेजारच्या चटर्जीबाई जाऊन बघून आलो होतो. संध्याकाळी तुम्हाला सांगायचं म्हणून मी कांदाभजी केली होती. तर तुम्ही पेढे घेऊन आलात. गोमती नगरचं घर पक्कं करून."

काकांनी विचारलं, "तू बोलली का नाही तेव्हा?"

"तुम्ही विचारलंत का?"

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. रेवाने मागच्या काचेवरून नाक काढलं आणि आजीकडे पाहिलं. ड्रायव्हरला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "साहेब, एसी वाढवू का?"

लखनौला परतल्यावर काका गप्प झाले. सकाळी फाटकापाशी उभे राहणं बंद झालं. स्कूटर लिंबाखालीच असायची, पण ती नुसती सवय राहिली होती. त्याच दिवसांत काकूंशी गच्चीवर पापड वाळत घालताना मी बोलले. काकांची बाजू घ्यावी असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "बारशाचं ऐकल्यापासून मला त्यांचं वाईट वाटतं. इतकी वर्षं कचेरीनं घरात घुसून राहायचं म्हणजे..."

काकूंनी पापड सरळ केला. "शिपाई आला होता, ते खरं आहे. पण साहेबांनी त्याच्याबरोबर निरोप दिला होता, की घरी कार्य आहे, उद्या केलं तरी चालेल. मी तिथेच उभी होते ना, बाळाला घेऊन. हेच म्हणाले, आत्ता जाऊन येतो, रस्ता ओलांडला की झालं. लांब राहत असते तरी गेलेच असते. मला कधी त्यांना उघडं पाडावंसं वाटलं नाही. त्यांना कचेरीवर रागावून बरं वाटायचं. वाटू दे म्हटलं."

त्या उन्हाळ्यात एका रविवारी काका जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. "मॅडम, एक जागा पाहायला येता का आमच्यासोबत? तुम्ही असल्या की ती मोकळी बोलते."

जागा आलमबागला होती. काका गेले कित्येक दिवस एकटेच तिकडे जाऊन शोधत होते, डोळे उघडे ठेवून. तीच इमारत मिळाली नव्हती, पण दुसरा मजला होता, गॅलरी होती, आणि गॅलरीतून उजवीकडे वाकलं तर कॉलनीची झाडं दिसत होती. काका काकूंच्या पुढे पुढे करत होते. "ओटा पाहा. इथं कुंड्या राहतील. आणि इथून रिक्षा थेट मिळते."

काकूंनी सगळं पाहिलं. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला, गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"मग घेऊ? तू सांग."

"कशाला आता? कोण आहे तिकडे?"

"म्हणजे? तुझं भजन? चटर्जीबाई?"

"चटर्जीबाई मुलीकडे गेल्या बंगळुरूला. बाकीच्या त्याच्या आधीच गेल्या. क्वार्टरमध्ये सगळी नवी माणसं आहेत. भजन बंद होऊन वर्ष होत आलं."

काका भिंतीला हात टेकून उभे राहिले. "मग तू मंगळवारी कुठं जाते?"

"तिथेच," काकू म्हणाल्या. "गेटपासून आपल्या ओळीपर्यंत चालते. कुणाच्या तरी पायरीवर थोडं बसते. आणि परत येते."

घरमालक दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "तो अंकलजी, पसंद है?" मीच म्हटलं, कळवतो. परतीच्या मेट्रोत ते दोघे शेजारी शेजारी बसले होते आणि काका काकूंची पर्स स्वतःच्या मांडीवर धरून होते.

पुढे माझी नाशिकला बदली झाली. काकूंचा फोन असायचा. मधे दोन वर्षं गेली. एकदा त्यांनी सांगितलं की काकांनी त्याच पार्कातलं आतलं हॉटेल बुक केलंय, रेवाला सांगून आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. पण रेवा आता मोठी झाली होती. ती फोनवर म्हणाली, "आजोबा, वो तो बच्चों वाला है यार. आप लोग हो आओ." रागाने नव्हे, अगदी लाडाने म्हणाली. काकांनी बुकिंग रद्द केलं नाही. ते दोघेच गेले.

आल्यावर काकूंचा फोन आला. मी विचारलं, "कसं होतं?"

"अगं, विचारून विचारून ह्यांनी जीव नकोसा केला. खिडकीपाशी बसतेस का, उशी बदलून मागू का, खाली जायचं की इथेच थांबायचं. मला उत्तरच देता येईना. इतक्या वर्षांनी एकदम कुणी विचारलं की काय हवंय ते आधी आपल्यालाच आठवावं लागतं."

"पार्कात गेलात?"

"नाही. ते म्हणाले, आपल्याला काय करायचं पाळण्यात बसून. दिवे लागले तेव्हा खिडकीत बसलो दोघं. खाली लोकांची पोरं नाचत होती. एक मुलगी अगदी रेवाएवढी होती, म्हणजे तेव्हाच्या रेवाएवढी. हे तिच्याकडेच बघत होते. दिव्यांकडे बघितलंच नाही. मग मला विचारलं, छान वाटलं का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फार छान वाटलं."

"आणि खरं?"

"खरं आता कशाला सांगू ग त्यांना? या वयात विचारायला शिकलेत. तेवढ्यासाठी तरी हो म्हणायला नको?"

मागून काकांचा आवाज ऐकू आला. मोठा, थोडा थकलेला. "अगं, चहा घेशील का? ठेवू?"

"ठेवा," काकू म्हणाल्या. मग तोंड फोनच्या अगदी जवळ आणून माझ्याशी हळूच बोलल्या, "मला नकोय खरं तर," आणि त्यांनी फोन ठेवला.